दिवेकर आणि फडताळकर

१. झुरळ अंगठ्याएवढं, तांबूस, मोरीच्या जाळीतून वर येणारं: अमेरिकी. मोजा आणि पुढे चला.

१ नसेल तर. झुरळ करंगळीच्या नखाहून जरा मोठं, फिकट, मानेवर दोन काळ्या उभ्या रेघा: २ वर जा.

ओळखतक्त्यातली १ सोपी. गावातलं शेंबडं पोरही सांगेल. सगळं दुखणं २ मध्ये.

२. पंख पोटाच्या टोकाशी संपतात. दिवा लावला की फटीत पळतं: जर्मन. बाहेरून आलेलं. मोजा आणि पुढे चला.

२ नसेल तर. पंख टोकाच्या पलीकडे जातात. दिवा लावला की उडत दिव्याकडे येतं: रानचं. इथलं. थांबा. कार्यालयाला कळवा.

यातला ‘थांबा’ तांबड्या शाईत छापलेला होता. चेलना मगदूमला तो शब्द नेजगावात एकदाही लागला नाही. जून ते ऑगस्ट, बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, गल्लीतली वीस घरं, साठ चिकट सापळे, बारा आठवडे. सोमवारी तिनं दाखल्यावर सही केली: रानचं झुरळ आढळलं नाही. शुक्रवारी सकाळी सातला गावभर गप्पगोळी सोडायची होती.

गप्पगोळी हे गावानं ठेवलेलं नाव. सरकारी नाव लांबलचक होतं आणि ते चेलनाच्या साहेबांनाही धड पाठ नव्हतं. शास्त्र मात्र फार अवघड नाही. प्रत्येक जिवाच्या पेशीत कामाचे हुकूम असतात: आता कात टाक, आता अंडी धर. मूळ हुकूम आत कुलपात राहतो, त्याची नक्कल बाहेर कामावर जाते. त्या नकलेच्या मजकुराला तंतोतंत जुळणारा तुकडा खाण्यातून पोटात गेला, की पेशी त्या नकलेलाच बनावट समजते आणि फाडून टाकते. हुकूम सुटतो, पोचत नाही. झुरळाची कात टाकायची वेळ येते आणि ती कशी टाकायची हे त्याला आतून कुणी सांगत नाही. विष नाही, वास नाही, मांजराला काही नाही, माणसाला काही नाही. ज्याचा मजकूर जुळेल तेवढंच गप्प.

अडचण एकच होती. त्या एका हुकमाचा मजकूर जर्मन झुरळात आणि रानच्या झुरळात अक्षराला अक्षर सारखा निघाला. म्हणून गोळी सोडायच्या आधी प्रत्येक गावात चेलनासारखं कुणीतरी जायचं, सापळे लावायचं, सकाळी मेलेली झुरळं मोजायचं. मोजायला हातात एक यंत्र असायचं. झुरळाच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो आणि जसा घराघरातल्या मसाल्याचा वास वेगळा, तसा जातीजातीच्या मेणाचा. यंत्र तो वास घेऊन जात सांगायचं. गावानं त्याचंही बारसं केलं होतं: हुंग्या.

हुंग्या बारा आठवडे एकच सांगत होता. जर्मन, जर्मन, अमेरिकी, जर्मन.

*

“झाली सही?” तिच्या नवऱ्यानं, भरतेशनं, भाकरी मोडत विचारलं. सोमवारचे पावणेसहा वाजले होते. मगदुमांच्या घरात सूर्य मावळायच्या आत ताटं घासूनही व्हायची.

“झाली. शुक्रवारी गोळी.”

“आमच्या हेडसरांना जुळणारी मिळंल का एखादी? अर्धी बी चालंल.” भरतेश गावच्याच शाळेत गणित शिकवायचा.

“ताटावर बसून कुणाचं वाईट चिंतू नये,” आक्का म्हणाल्या. मग चटणी वाढता वाढता, “आणि त्या माणसाचं तोंड गोळीनं बंद व्हायचं न्हाई.”

आक्का म्हणजे भरतेशची आई, राजमती. वय बाहत्तर, पाठ ताठ, डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात. चेलना नऊ वर्षांपूर्वी सांगलीहून या घरात सून म्हणून आली, तेव्हा नोकरीचं कळल्यावर आक्कांनी तिला एकच प्रश्न केला होता.

“तू मारतीस?”

“मी मोजते, आक्का.”

“मग मोज. मोजण्यानं कुणाचं काय जातंय.”

एवढ्यावर ठरलं होतं. घरात फवारा नाही, खडू नाही, आमिष नाही. आक्का झुरळ धरायच्या ते वाटीखाली. खालून जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा सरकवायचा, आणि वरात निघाल्यासारखं त्याला घेऊन जायचं. कुठं न्यायचं, याला नियम होता. आक्का लहान असताना विहिरीचं पाणी फडक्यानं गाळायचे आणि फडक्यावर राहिलेले जीव त्याच विहिरीत अलगद परत सोडायचे. त्याला जिवाणी म्हणत. या विहिरीचा जीव त्या विहिरीत सोडला तर पुण्य नाही, पाप. पुढे नळ आले, विहिरी बुजल्या, आणि आक्कांची जिवाणी झुरळांवर आली. ज्याचं पाणी त्याला.

म्हणजे आधी कोण कुठलं ते कळायला हवं. चाळीस वर्षांत आक्कांनी सगळ्यांना आडनावं देऊन टाकली होती. मोठं तांबूस ते मोरीकर, त्याला मोरीत. संध्याकाळी खिडकीतून उडत येतं आणि दिव्याभोवती घुटमळतं ते दिवेकर, त्याला परड्यामागच्या सोयाबीनच्या रानात. पाचोळ्यात राहणारी, काळ्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची, ती चंद्रकळा, तिला जिथल्या तिथं राहू द्यायचं. आणि डब्यांच्या मागं दडणारं ते फडताळकर. फडताळकराचं रान कुठलं, हे आक्कांना कधी उमगलं नाही. म्हणून त्या त्याला पडवीतल्या मोडक्या कपाटात सोडायच्या. भरतेश पाहुण्यांना ते कपाट दाखवून सांगायचा, “ही आमची धर्मशाळा. मुक्काम फुकट.”

“जर्मन म्हणजे तिकडनं आलेलं न्हवं?” आक्कांनी आत्ता विचारलं.

“नाव तिकडचं,” चेलना म्हणाली. “मूळ इकडचंच. दोनेक हजार वर्षांपूर्वी आपल्याच बाजूच्या रानातली काही झुरळं माणसाच्या घरात शिरली. घरात दाणा मिळाला, ऊब मिळाली. मग उजेड सोडला, उडणं सोडलं, रान विसरली. पुढं व्यापाऱ्यांच्या गोण्यांतून, फौजांच्या शिदोरीतून, जहाजांतून जगभर गेली. तिकडं कुणीतरी नाव ठेवलं. आणि त्या नावानं परत आली.”

आक्कांचा हात चटणीच्या वाटीवर थांबला. “म्हणजे दिवेकराची पोरगीच की. नांदायला गेली, माहेरी आली, आणि गावानं वळखली न्हाई.”

“वळखली न्हाई ते बरं. पीठ नासवते ती, आक्का. पोरांना दमा होतो तिच्यानं.”

“माहेरवाशीण फडताळ उघडतीच,” आक्का म्हणाल्या आणि उठून चूळ भरायला गेल्या. सूर्य मावळायला अजून अर्धा तास होता.

*

बुधवारी चेलना सापळे मोजून गोदामात भरायला गेली, तर एकोणसाठच निघाले. साठावा तिच्याच घरातला. स्वयंपाकघराच्या खिडकीत, पिठाच्या डब्यामागं राहून गेलेला. ती दिवेलागणीच्या सुमाराला घरी पोचली. स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता आणि आक्का स्टुलावर बसून खिडकीवर वाकल्या होत्या. एका हातात वाटी, दुसऱ्यात मोराचं पीस. मुनिमहाराजांनी आपली मोरपिसांची पिंछी बदलली तेव्हा जुन्या पिंछीतलं आक्कांच्या वाट्याला आलेलं पीस ते. एरवी देव्हाऱ्यात असायचं.

“आक्का…”

“बोलू नको. एक पाय राहिलाय.”

वाटीत तांदळाची पिठी होती. आक्कांनी चिमूट घेऊन सापळ्यावर भुरभुरली, पिसाच्या देठानं हळूच उचकललं, पुन्हा भुरभुरली. चिकटपट्टीचा चिकटपणा पिठीनं मेला. पांढरं झालेलं एक झुरळ उठलं, काचेवर दोन पावलं चाललं, पंख झाडले आणि सरळ वर दिव्याकडे उडालं.

चेलना त्या दिव्याकडे बघत राहिली.

“ते दिव्याकडं गेलं,” ती म्हणाली.

“दिवेकर हाय. मग कुठं जाईल?”

“कधीपासून सोडवताय तुम्ही?”

“तू सापळं लावलंस तवापासनं.”

“पण मी रोज सकाळी मोजत होते! रोज असायची की सापळ्यात!”

“ती फडताळकर,” आक्का शांतपणे म्हणाल्या. “ती अपरात्री येतात आणि उजाडायच्या आत गेलेली असतात. मेल्याला काय सोडवायचं? दिवेकर दिवेलागणीला येतं, तवा मी जागी असते. मेलेली तुझी, जिती माझी. तुझ्या कामात लुडबुड नको म्हणून मी मेलेलं एक बी हलवलं न्हाई, विचार की भरतेशला.”

चेलना खाली फरशीवर बसली. “फक्त आपल्या घरात ना?”

आक्का पीस पुसत राहिल्या.

“आक्का?”

“बस्तीत बायकांनी विचारलं. सापळ्यात जीव तडफडतो, बघवत न्हाई म्हणाल्या. मग मी पिठीचं सांगितलं. समदी गल्ली करती. पाटलीणबाई पिठी लई घालती, तिला म्हटलं चाळून घे.”

*

हुंग्याची नोंद, घर ७. जर्मन ३१. अमेरिकी २. रानचं ०. परकी भर: पिष्ट.

घर ८. जर्मन १९. रानचं ०. परकी भर: पिष्ट.

घर ११. जर्मन ४४. अमेरिकी ५. रानचं ०. परकी भर: पिष्ट.

प्रत्येक ओळीसमोर शेरा, चेलनाच्याच वळणदार अक्षरात: स्वयंपाकघर. पिठाची धूळ. दुर्लक्ष करावे.

वीस घरं. वीसदा पिष्ट. वीसदा तिचा शेरा. यंत्र बिचारं रोज सांगत होतं. आक्कांची एक चूक आणि तिच्या वीस, असा हिशेब तिला पडवीच्या पायरीवर बसून करावा लागला.

गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. गोळी सुटली असती. येत्या पावसाळ्यापर्यंत फडताळं स्वच्छ झाली असती, गावानं तिला सत्काराचा नारळ दिला असता. आणि परड्यामागच्या सोयाबीनमधून, शेजारच्या सोयाबीनमधून, नदीपर्यंतच्या सगळ्या रानातून दिवेकर गेलं असतं. ते संध्याकाळी पानापानावर फिरून अळीची अंडी खातं, हे तिनं स्वतः मागच्या वर्षी विजेरी घेऊन पाहिलं होतं. नंतर अळी का वाढली याचं उत्तर शोधत लोक फिरले असते, आणि उत्तर तिच्या सहीखाली असतं.

भरतेश शेजारी येऊन बसला. “काय करणार?”

“फोन.”

“नोकरी?”

“गेली तर घरी बसून पिठी चाळीन.”

“तू चाळलीस तर त्यात झुरळं सापडतील,” तो म्हणाला, पण तिचा मोबाईल आतून त्यानंच आणून दिला.

तांबवेकर मॅडम कीटक ओळख कक्षाच्या प्रमुख. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा “पिठी?” म्हणाल्या, एकदा “मोरपीस?” म्हणाल्या.

“मॅडम, उद्या संध्याकाळी याल का? पांढरा पडदा लावते गच्चीवर. पन्नास येतील.”

“येतील गं. पण ती आत्ताची झाली. नियमाला सर्वेक्षणाच्या तारखांमधला नमुना लागतो, अख्खा, नेमलेल्या घरातला. दोन वर्षांपूर्वी एका गावानं गोळी टाळायला शेजारच्या रानातली पोतंभर आणून दाखवली. तेव्हापासून नियम. तुझं गाव, तुझंच घर. उद्या म्हणतील सासूसाठी केलं. अख्खा नमुना दे, मी तासाभरात थांबवते. नाही दिलास तर शुक्रवारी सातला गाडी येईल, आणि ती मलाही अडवता येणार नाही.”

*

गुरुवारी सकाळी चेलनानं गोदामातले एकोणसाठ सापळे भिंगाखाली घेतले. अख्खं दिवेकर एकही नव्हतं. पण पिठी पडलेल्या जागी, चिकटपट्टीत रुतलेले, केसाएवढे पाय होते. अख्ख्याचीच मोजणी करायची असा नियम, म्हणून बारा आठवडे तिनं ‘तुकडे’ म्हणून सोडून दिलेले. तिनं एकेका पायाला हुंग्या लावला. रानचं. रानचं. रानचं. एकूण एक्केचाळीस.

मॅडमनी आकडा ऐकला. “मी मानते. तक्ता मानणार नाही. पाय घरात कुठूनही वाऱ्यानं येतो म्हणतील. अख्खा दे, चेलना.”

दुपारी ती घरी आली तेव्हा आक्का सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. चेलनानं चप्पल काढायच्या आधीच सांगितलं, एक्केचाळीस पाय सापडले.

सूप थांबलं. “कसलं पाय?”

आणि तेव्हा चेलनाच्या लक्षात आलं, की आक्कांना हे माहीतच नव्हतं. मोतीबिंदूच्या डोळ्यांना तो पाय कधी दिसलाच नव्हता. उडून दिव्याकडं गेलेलं तेवढं दिसायचं.

“उचकलताना तुटतात,” ती हळू म्हणाली. “पण पिल्लांना पुन्हा येतात, आक्का. कात टाकली की नवा पाय.”

“आणि मोठ्यांना?”

चेलना खोटं बोलू शकली असती. नऊ वर्षांत तिनं या बाईशी एकदाच लबाडी केली होती, या घरात वर्ज्य असलेल्या बटाट्याच्या भजीबद्दल, आणि तीही दोन दिवसांत पकडली गेली होती.

“मोठ्यांना नाही.”

आक्का सूप बाजूला ठेवून उठल्या. देवघरात गेल्या. आतून जपमाळेची लाकडी पेटी उघडल्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या तेव्हा हातात एक काडेपेटी होती, लाल दोऱ्यानं बांधलेली.

“तुला अख्खं पायजे न्हवं?”

चेलनानं दोरा सोडला. आत हळदीत घोळलेला कापूस होता आणि कापसावर तीन झुरळं, ओळीनं. फिकट अंग, मानेवर दोन रेघा. पंख पोटाच्या टोकापलीकडे जाणारे.

“पिठीचं नंतर सुचलं,” आक्का म्हणाल्या. त्या उभ्याच होत्या, शाळेत उभं केल्यासारख्या. “आधी मी शेंगतेल लावलं. तेलानं चिकट सुटतंय, फणस चिरताना हाताला लावतो तसं. सुटली बी. तिन्ही चालली. मी म्हटलं झालं. सकाळी बघितलं तर खिडकीखालीच.”

“त्यांना नाक नसतं, आक्का. पोटाच्या बाजूनं बारीक भोकं असतात श्वासाची. तेलानं ती बुजतात.”

“ते मला कोण सांगणार? तू मोजतीस, मारत न्हाईस. तुला काय तोंडानं विचारू? बहात्तर वर्षं झाली. मुंगी चिरडली न्हाई जाणून. आणि सोडवायला गेले, तर तीन.”

चेलनाला जून आठवला. तिसरा आठवडा. ना अष्टमी ना चतुर्दशी, आणि आक्कांनी तीन दिवस नुसत्या पाण्यावर काढले होते. भरतेश डॉक्टरांना बोलावतो म्हणाला तर त्याच्यावर खेकसल्या होत्या. एका जिवाला एक दिवस.

“टाकवलं न्हाई,” आक्का म्हणाल्या. “जपाला बसले की पेटी उघडायची, आधी ही बघायची, मग माळ धरायची. आपण कोण हाय ते ध्यानात राहतंय.”

तिनं ती काडेपेटी ओंजळीत धरली, आणि मग काडेपेटीसकट त्या ताठ बाईला मिठी मारली. आक्कांना मिठीची सवय नव्हती. त्यांचे हात काही वेळ हवेत राहिले, मग सुनेच्या पाठीवर आले, आणि पाठीवर पिठीची दोन बोटं उमटली.

“कितीच्या आत द्यायचंय?” त्यांनी विचारलं.

“पाचच्या. नंतर कक्ष बंद होतो.”

“मग रडतीस काय? गाडी काढ. मी बी येते.”

*

कक्षातली सगळी माणसं काम सोडून टेबलाभोवती जमली होती. तांबवेकर मॅडमनी चिमट्यानं पहिलं झुरळ उचललं, हुंग्याखाली धरलं. यंत्रानं नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

रानचं. परकी भर: शेंगतेल. हळद.

कुणीतरी हसलं. आक्कांनी त्याच्याकडे पाहिलं, तो हसायचा थांबला.

“तारीख?” मॅडमनी विचारलं. “कधी सापडली हे कशावरून?”

“माझ्या उपासावरनं,” आक्का म्हणाल्या. “अठरा, एकोणीस, वीस जून. बस्तीत उपासाचं पच्चक्खाण घेतलं महाराजांच्या समोर, बस्तीच्या वहीत तिथी हाय. बायका हायत साक्षीला. धरून आणू का?”

मॅडमनी तशी वेळ येऊ दिली नाही. वहीच्या पानाचा फोटो भरतेशनं बस्तीतून पाठवला. पाच वाजायला दहा कमी असताना नेजगावची गोळी थांबली. फडताळकराला लागेल आणि दिवेकराला लागणार नाही असा वेगळा मजकूर शोधेपर्यंत, म्हणजे दोन वर्षं, कदाचित तीन.

चेलनाला कागद मिळाला. दाखला मागे, आणि सहा महिने सहीचा अधिकार नाही. गावानं सत्काराचा नारळ दिला नाही. पाटलीणबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, कारण त्यांनी नवं फडताळ करायला टाकलं होतं. हेडसर भरतेशला म्हणाले, तुमच्या घरच्या धर्मशाळेला सरकारी मान्यता मिळाली म्हणायची. भरतेशनं घरी येऊन सांगितलं, आणि आक्कांनी पहिल्यांदाच हेडसरांच्या बोलण्याला हसून दाद दिली.

मॅडमनी मात्र तक्त्याची नवी प्रत पाठवली, नेजगावापुरती, कच्ची.

२ नसेल तर. दिवा लावला की उडत दिव्याकडे येतं: रानचं. इथलं. थांबा. पिठी लावा (बारीक, चाळलेली). सोडा. सोडलेलं मोजा. पाय राहिला तर तोही लिहा.

आता गल्लीतल्या वीस खिडक्यांत दिवेलागणीला वीस बायका बसतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून आक्का सापळ्याला पिसाचा देठ लावत नाहीत. नुसती पिठी भुरभुरतात आणि थांबतात. कितीही वेळ लागो, त्यानं स्वतःच निघायचं. त्यांच्या खिडकीत अजून एकही पाय राहिलेला नाही.

*

महिन्याभरानं संग्रहालयाची चिठ्ठी आली. तीन नमुने काचेच्या पेटीत लागणार होते, त्यांचं लेबल भरून पाठवायचं होतं. जेवणं आवरली होती, उन्हाची तिरीप अजून पायरीवर होती. चेलना पेन घेऊन बसली, आक्का शेजारी.

“परत न्हाई द्यायची?”

“नमुना परत मिळत नाही, आक्का.”

“मग मी जपाला काय बघू?”

“काडेपेटी आहे की. कापूस आहे.”

आक्कांनी मान डोलावली. “लिही.”

जात, ठिकाण, तारीख हे सोपं होतं. ‘संग्राहक’ या शब्दापुढं चेलनानं त्यांचं नाव पूर्ण घातलं, आक्कांनी ते नव्या डोळ्यांनी दोनदा वाचलं. पुढची ओळ होती ‘मारण्याची पद्धत’. छापील पर्याय: गोठवून, मद्यार्कात, इतर.

“अपघात लिहिते,” चेलना म्हणाली.

“अपघाताला कोण जबाबदार नसतंय. झालंय ते लिही.”

मग तिनं तिच्या वळणदार अक्षरात लेबल पुरं केलं, आणि वाळायला खिडकीत ठेवलं.

रानचं झुरळ, ३ नमुने.
नेजगाव, ता. शिरोळ. स्वयंपाकघराची खिडकी. जून २०४१.
संग्राहक: राजमती आदगोंडा मगदूम.
मारण्याची पद्धत: इतर. शेंगतेल लावून, सोडवताना.